मे महिन्यात मुलांना कोकणात नेताना: विंचू, मण्यार आणि बांगडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार आणि सात वर्षांच्या दोन मुलांना घेऊन तीन आठवडे गुहागरजवळच्या वाडीत सासरी जायचं आहे. घर जुनं, कौलारू, मागे जांभ्याचा गडगा. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला विंचू चावला होता. धाकट्याला मागच्या खेपेस बांगडा खाल्ल्यावर तोंड लालेलाल झालं. तर सोबत कोणती औषधं आणि कोणती इंजेक्शनं ठेवू?

मी गेली बावीस वर्षं कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांची डॉक्टर आहे. औषधांचं पुढे सांगतेच. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे असं मला वाटतं: रात्री अकराला मूल किंचाळत आलं, तर हे साधं की जिवावरचं, हे मला घरात उभं राहून कळेल का? आणि कळलं तर धावायचं कुठे? यातलं बरंचसं घरात कळतं. त्यासाठी कुठे बघायचं ते आधी माहीत हवं.

पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. चावलं काय, विष किती गेलं, किती वेळ झाला, दवाखाना किती लांब, यावर निर्णय बदलतो. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. विंचू काय, साप काय, समोर लहान मूल आहे म्हणून विष कमी सोडत नाही. साठ किलोच्या बापाच्या अंगात जेवढं पसरलं असतं तेवढंच चौदा किलोच्या पोरात पसरतं. म्हणून 'मला चावला होता, दोन दिवसांत बरं वाटलं' हा घरातल्या मोठ्यांचा अनुभव मुलाला लावू नका.

आधी विंचू, कारण तुमच्या घराचं वर्णन वाचून मला तोच आठवला. कोकणात दोन प्रकार जास्त दिसतात. काळा विंचू मोठा, जाड नांग्यांचा, बघूनच भीती वाटावी असा, पण त्याचं विष त्या मानाने सौम्य. खरा घातकी तो लहानखुरा, तांबूस रंगाचा, बारीक नांग्यांचा लाल विंचू. कौलांत, लाकडांच्या मोळीत, गोवऱ्यांत, जांभ्याच्या सांध्यांत आणि रात्री दाराबाहेर राहिलेल्या चपलांत तो बसलेला असतो.

एका मे महिन्यात पाच वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. चावून दीड तास झाला होता. आई पायाचा अंगठा पुढे करून दाखवत होती आणि म्हणत होती, 'सूज नाही, लाली नाही, आता रडायचीही थांबलीय.' अंगठ्यावर खरंच काही नव्हतं. मी अंगठा सोडला आणि तिचा तळपाय हातात धरला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि तो पाय माठातल्या पाण्यासारखा गार होता. फ्रॉक पाठीला चिकटलेला, कपाळावर घामाचे थेंब, वाटेत दोनदा उलटी झालेली, नाडी मिनिटाला १६०. ती रडायची थांबली होती कारण तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंची दारं उघडी ठेवतं. त्यामुळे घाबरल्यावर अंगात जी रसायनं थोडी थोडी सुटतात त्यांचा एकदम लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी साठतं, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. मुलाला मारतं ते हे. म्हणून विंचू चावलेल्या मुलात या खुणा शोधा: उलटी, दरदरून घाम, गार हातपाय, मुलग्याचं लिंग ताठरणं, तोंडात लाळ साठणं, धाप. यातली एकही दिसली तर निघा. दंशाच्या जागी भयंकर ठणका आहे पण मूल रडून गोंधळ घालतंय आणि हातपाय कोमट आहेत, तर ते बऱ्यापैकी शुभ लक्षण. तरीही दवाखान्यात न्याच, पण ड्रायव्हरला गाडी शांतपणे हाकायला सांगा.

इथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी विंचवाने दगावणारी माणसं शेजारी बसून पाहिली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. विष नेमकं काय करतं हे त्यातून उलगडलं, आणि रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन नावाची साधी गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते, हे त्यांनी १९८० च्या दशकात वापरून दाखवलं. पूर्वी गंभीर बाधा झालेल्या शंभरातली पंचवीस-तीस माणसं जात. आता ते प्रमाण एकाच्या आसपास आलं आहे. विंचवाच्या विषावरची लसही, म्हणजे चावल्यानंतर द्यायचं प्रतिविष, आपल्याकडे आहे. लस आणि प्राझोसिन एकत्र दिली तर रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा निम्म्याहून कमी वेळात सावरतो, हे बावस्कर पतिपत्नींच्या २०११ सालच्या अभ्यासात दिसलं. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली तेव्हा कोकणातल्या आम्हा डॉक्टरांना घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

त्या मुलीला मी वजनाच्या हिशेबाने, म्हणजे किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, प्राझोसिन पाजली आणि आडवीच ठेवली. आईला तिला उचलून मांडीवर घ्यायचं होतं. मी घेऊ दिलं नाही, कारण या गोळीनंतर मूल उभं धरलं की रक्तदाब धाडकन उतरतो. त्याऐवजी आईला पायाशी बसवलं आणि म्हटलं, 'तळव्यावर हात ठेवा, कोमट लागला की मला हाक मारा.' तीन तासांनी दुसरा डोस झाला. रात्री दोनच्या सुमारास आईने हाक मारली.

मग ही गोळी घरीच का ठेवू नये? हे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. माझं मत: ठेवू नका. नुसत्या दुखण्यासाठी ती द्यायची नसते आणि रक्तदाब न मोजता दिली तर घात होऊ शकतो. शिवाय शहरातल्या औषधदुकानात हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, ती या कामाची नाही. तिचे तुकडे करून मुलाला देणं तर धोक्याचंच. वाट चार तासांची असेल आणि डॉक्टर फोनवर मुलाचं वजन विचारून सांगत असतील, तर गोष्ट वेगळी. गुहागर-चिपळूणच्या अंतराला त्याची गरज नाही. घरी एवढंच करा: दंशाच्या जागी बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून धरा, पॅरासिटामॉल द्या, मुलाला चालायला लावू नका.

वाडीत विंचू उतरवणारं कुणीतरी असेलच. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याचा गुण येतो असं लोकांना वाटतं, कारण बहुतेक दंश मुळात सौम्य असतात आणि चार-सहा तासांत आपोआप उतरतात. पण ज्या मुलात विष भिनलंय त्याचे पहिले दोन-तीन तास तिथे गेले तर ते परत मिळत नाहीत. सासूबाईंचा आग्रह असेल तर भांडत बसू नका. अंगारा लावून घ्या आणि गाडीत बसा.

आता मण्यार. नागापेक्षाही मला हिची धास्ती जास्त, कारण ही चावल्याचं कळतच नाही. रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, दात इतके बारीक की मूल जागंही होत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतं. सात वर्षांचा एक मुलगा असाच आला होता. घरी ओवा चावायला दिलेला, जंत असतील म्हणून गूळही दिलेला. आई म्हणाली, 'रात्री झोप झाली नाही, डोळे उघडवत नाहीत.' मी त्याला वर पंख्याकडे बघायला सांगितलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, हनुवटी वर केली, पण पापण्या काही उचलल्या नाहीत. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, बोलणं नाकातून येत होतं. अंगावर कुठेही खूण नव्हती. मी विचारलं, 'रात्री कुठे झोपला होता?' 'पडवीत, चटईवर.'

त्याला सापाची लस सुरू केली, श्वास मंदावला तशी घशात नळी घातली आणि १०८ च्या गाडीत हाताने फुगा दाबत जिल्ह्याच्या गावी नेलं. मण्यारीचं विष नसांच्या टोकांना एकदा चिकटलं की लस ते सोडवू शकत नाही. ती टोकं पुन्हा जुळेपर्यंत यंत्राने श्वास द्यावा लागतो. तो तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. बोट हलेना, पापणी हलेना. मावशी काचेबाहेर हंबरडा फोडत होती, 'गेलं गं लेकरू.' बरा झाल्यावर तो म्हणाला, 'मावशी रडत होती ते मला ऐकू येत होतं, पण हाक मारता येत नव्हती.' ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. मण्यारीच्या विषात मूल मेल्यासारखं दिसतं, पण आत जागं असू शकतं. श्वास देत राहिलात तर ते पूर्ण बरं होऊन घरी जातं. डोळ्याची बाहुली विस्फारली, हालचाल नाही, म्हणून कुणी हात टेकू नयेत.

हे सगळं टाळायचं साधन पाचशे रुपयांत मिळतं. मच्छरदाणी घ्या आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचा. खाट असेल तर आणखी चांगलं. तीन आठवडे मुलं गच्चीत, पडवीत, खळ्यात झोपायचा हट्ट धरतील. झोपू द्या, पण खोचलेल्या मच्छरदाणीत.

बाकीचे साप थोडक्यात. नागाच्या दंशाला ठणका आणि सूज असते, पाठोपाठ पापण्या जड होतात. घोणस चावली की पाय सुजत वर चढतो, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. गुहागर, रत्नागिरी, देवगडच्या कातळावर फुरसं भरपूर. लहान असलं तरी रक्त गोठू न देण्यात तेही कमी नाही. मण्यार धरून या चौघांवर एकच लस चालते, म्हणून साप ओळखायच्या, मारायच्या किंवा पिशवीत घालून आणायच्या फंदात पडू नका. मुलांनाही लस मोठ्यांइतकीच लागते, सहसा सुरुवातीला दहा कुप्या. डॉक्टरांनी एवढ्याशा जिवाला दहा कुप्या लावल्या म्हणून घाबरू नका, कारण कुप्या मोजायच्या त्या विषाच्या हिशेबाने, वजनाच्या नव्हे. चापड्यासारख्या काही सापांवर मात्र ही लस उपयोगी पडत नाही. त्यांचा दंश क्वचितच जिवावर येतो, पण रुग्णालयात लक्ष ठेवावंच लागतं.

जनावर, म्हणजे साप, चावलं असं वाटलं, तर पहिल्यांदा मुलाच्या पायातले वाळे, पैंजण आणि मनगटावरचा काळा दोरा काढा. सूज चढली की ते रुततात. पायाला फूटपट्टी किंवा पुठ्ठा लावून सैलसर फडकं बांधा, म्हणजे हालचाल होणार नाही. आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. आवळपट्टी बांधून आलेल्या एका मुलाचा विषापासून वाचलेला पाय पट्टीमुळे काळा पडलेला मी पाहिला आहे. मूल गुंगीत असेल किंवा लाळ गळत असेल तर कुशीवर झोपवून न्या आणि तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नको. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसं गेली, त्यांतली साधारण चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालची. बहुतेक मृत्यू घरी किंवा वाटेत झाले.

गांधीलमाशी आणि मधमाशीबद्दल एवढंच: मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने, कशानेही, पण लगेच काढा. एका जागी सूज आली तर बर्फ पुरे. अंगभर गांध्या उठून त्यासोबत खोकला, घोगरा आवाज, उलटी किंवा भोवळ आली, तर ती जीवघेणी ॲलर्जी. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलीनचं इंजेक्शन हाच उपाय, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. ते जवळच्या कोणत्याही डॉक्टरांकडे मिळायला हवं. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून वेळ घालवू नका. मुलाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसतं ठेवा. आणि आग्या मोहोळ उठून शेकड्याने डंख झाले असतील, तर मूल हसतंखेळतं दिसलं तरी भरती करा, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो.

तर सोबत काय न्यायचं? पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे ॲलर्जीचं औषध, ओआरएसच्या पुड्या, चांगली बॅटरी, मच्छरदाण्या, मुलांची धनुर्वाताची लस पूर्ण असल्याचं कार्ड आणि कागदावर लिहिलेलं दोघांचं आजचं वजन. सापाची लस घरी ठेवायची नसते. ती सलाइनमधून द्यावी लागते आणि तिचीच रिअॅक्शन येऊ शकते. मात्र निघण्याआधी एक काम नक्की करा. वाडीपासून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा: सापाची लस आज शिल्लक आहे का, रात्री ती लावणारे डॉक्टर असतात का, साधी प्राझोसिन आहे का, आणि लहान मुलाला लागणारं व्हेंटिलेटर कुठे आहे? उत्तरं फोन नंबरसह स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा. रात्री गाडी कुणाची मिळेल, त्याचंही नाव त्यावर लिहा.

आता समुद्र आणि मासे. मुलं रापणीचं जाळं ओढताना बघायला धावतील आणि वाळूत पडलेली मासळी उचलतील. शिंगाळ्याचा काटा बोटात शिरतो तो तिथेच, पाखटाचा काटा उथळ पाण्यात पाय पडला की. या माश्यांचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून तो हातपाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. आधी तुमचा हात त्या पाण्यात घाला, कारण ठणक्यात मुलाला भाजलेलं कळत नाही. काटा खोल असेल किंवा छातीपोटात शिरला असेल, तर उपटू नका. पावसाच्या तोंडावर किनाऱ्याला निळे फुगे लागतात, ब्लूबॉटल म्हणतात ते. मेलेल्या फुग्याचे धागेही डंख करतात. धागे समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिमट्याने उचलून, मग गरम पाणी. वाळूने घासू नका.

खाण्यातला एकच मासा मी सरळ वर्ज्य सांगते: केंड. जाळ्यात येतो, फुगतो, मुलांना गंमत वाटते. त्याचं विष शिजवूनही जात नाही. आधी ओठ-जीभ बधिर, मग श्वास बंद. कुणी खाल्लाच आणि ओठांना मुंग्या आल्या, तर मण्यारीसारखीच धाव घ्यायची.

आणि तुमच्या धाकट्याचा बांगडा. त्याला ॲलर्जी आहे असं समजून तुम्ही वर्षभर मासे बंद केलेत. पण तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्याच दिवशी आजोबांचेही कान लाल झाले होते आणि त्यांचं डोकं ठणकत होतं. मला तो धागा महत्त्वाचा वाटतो. एकाच ताटातले दोघे एकदम लाल झाले, तर दोष बहुधा माशाचा असतो. बांगडा, तारली, कुपा यांसारखे गडद मांसाचे मासे बर्फाविना उन्हात राहिले की जिवाणू त्यात हिस्टामाइन तयार करतात. वास बिघडलेला नसतो, फार तर जिभेला मिरीसारखं चुरचुरतं. एकदा तयार झालेलं हिस्टामाइन तळून, उकळून किंवा फ्रीजमध्ये ठेवून जात नाही. खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून तासाभरात चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, पोटात कळ येते. ॲलर्जीच्या औषधाने उतरतं आणि दिवसभरात संपतं. दिसायला हुबेहूब ॲलर्जी, म्हणून अनेक मुलांच्या कपाळी 'मासे बंद' असा शिक्का उगाच बसतो.

अर्थात त्या दिवशी त्याचे ओठ सुजले होते का, श्वास लागला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तसं झालं असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि तोवर थांबा. तसं काही नसेल आणि तुमचे डॉक्टरही हो म्हणाले, तर सकाळच्या होडीचा, बर्फात ठेवलेला, ताठ आणि लाल कल्ल्यांचा बांगडा आणा. दुपारी, दवाखाना उघडा असताना, नखाएवढा तुकडा द्या आणि दोन तास वाट बघा. काही झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी आजीला त्याच्यासाठी तिखलं करू द्या.